एका पालीसाठी एसी लावायचा का?

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची. भावाला बंगळूरला नोकरी लागली आणि त्याने पाळलेली गेको फेब्रुवारीत माझ्या गळ्यात पडली. रंग विटकरी, डोळ्यांच्या वर पापण्यांसारखे काटे, बोटं चिकट. दोन फुटी फिशटँकमध्ये ठेवली आहे, वर जाळीचं झाकण. एका व्हिडिओत सांगितलं होतं की गेकोला ३२ अंश लागतात, म्हणून झाकणावर ४० वॅटचा बल्ब आणि टाकीखाली १४ वॅटची हीट मॅट दिवसरात्र चालू ठेवते. काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर बरोबर ३२ दाखवतो. तरी दहा-बारा दिवस ती धड खात नाही. आधी रात्री टणाटण उड्या मारायची, आता तळाशी करवंटीत पडून असते, काल संध्याकाळी तोंड उघडं ठेवून बसली होती. ऊब कमी पडते का? बल्ब ६० चा लावू का? मैत्रीण म्हणते एसी लाव. आई म्हणते, माणसांना एसी नाही आणि पालीला कुठला? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हे वाचत असाल तिथून उठा, आधी बल्ब बंद करा आणि मॅटची पिन काढा. मग पुढचं वाचा. ६० चा बल्ब लावला असता तर पुढचं पत्र वेगळं आलं असतं.

डोळ्यांवर काटे, बोटं चिकट, उड्या मारणारी. तुमच्याकडे आहे ती क्रेस्टेड गेको. व्हिडिओ होता तो बहुतेक लेपर्ड गेकोचा. नावात दोन्हीकडे गेको असलं तरी दोघींचा संसार अगदी वेगळा. लेपर्ड गेको अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. ती जमिनीवर राहते, पोटाखालचा दगड ३१ ते ३३ अंश तापलेला असला की तिचं अन्न पचतं. तुमची क्रेस्टेड गेको ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात असलेल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या दमट जंगलातली, झाडावर राहणारी. १८६६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, पुढे ती नामशेष झाली असं समजत होते, ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली. तिला दिवसा २२ ते २६ अंश पुरतात, रात्री १८ ते २२ चालतात. २८ च्या वर तिला त्रास सुरू होतो आणि ३० च्या वर तासन्‌तास राहिली तर जीव जाऊ शकतो.

पाल म्हटली की सगळ्या सारख्याच, हा समज आपल्याकडे फार आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर एक पाल आहे, जिचं शास्त्रीय नावच साताऱ्यावरून ठेवलंय, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. २००८ मध्ये तिचं वर्णन झालं. ती त्या पठाराच्या दगडांची सवय असलेली, तुमच्या ट्यूबलाइटमागची पाल भिंतीची सवय असलेली, आणि ही तिसरी ओल्या जंगलाची. (जाता जाता : पठारावरची किंवा रानातली कुठलीही पाल पकडून घरी आणू नका, हौस म्हणूनही नाही.)

मग प्रश्न पडेल की घरच्या पाली तुमच्याच घरात ४० अंशांत कशा जगतात? त्यांना जागा बदलता येते. दुपारी त्या फोटोमागे जातील, मोरीच्या बाजूच्या गार भिंतीवर जातील, फटीत शिरतील. तुमच्या गेकोला दोन फूट बाय एक फूट एवढंच जग आहे आणि त्याला तुम्ही वरून आणि खालून दोन्हीकडून तापवत होता. करवंटीत पडून राहणं हा आळस नाही. टाकीत त्यातल्या त्यात कमी गरम जागा तिने शोधली, एवढाच त्याचा अर्थ. तोंड उघडं ठेवणं म्हणजे तिचं धापा टाकणं. तिला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायचा तिच्याकडे तेवढाच मार्ग, आणि त्यात अंगातलं पाणी जातं.

आज रात्री एवढं करा. टाकी घरात सगळ्यात गार खोली असेल तिथे खाली फरशीवर ठेवा. गेको फारच मलूल असेल, हातात घेतल्यावर पाय सैल सोडत असेल, तर तिला झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा. पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलं नको, नळाचं साधं. बर्फ अंगाला लावायचा नाही, एकदम गार पाण्यात बुडवायचं नाही. तापलेल्या प्राण्याला धक्का बसतो. तास-दीड तासात ती मान उचलून बघायला लागली, पानावरचे थेंब चाटायला लागली तर धोका टळतोय असं समजा. तोंड उघडंच राहिलं किंवा उलटी ठेवल्यावर सरळ होता आलं नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका, पशुवैद्य गाठा. सांगलीत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, पण फोनवर आधी विचारा की सरपटणारे प्राणी बघता का. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथेही असाच फोन करून मगच निघा. उन्हात गाडीचा प्रवास करायचा तर पहाटे.

आता तुमच्या त्या गोल थर्मामीटरविषयी. तो फेकून द्या. आत स्प्रिंग असलेले हे गोल काटे दोन-चार अंश चुकणं ही नेहमीची गोष्ट, आणि काचेला चिकटवला की तो काचेचं तापमान सांगतो, हवेचं नाही. साधा हिशोब बघा. गच्चीखालच्या खोलीत एप्रिलमध्ये संध्याकाळी ३३-३४ च्या खाली पारा क्वचितच असतो. त्यात बंद काचेच्या टाकीवर ४० वॅटचा बल्ब लावला की आतली हवा खोलीपेक्षा ५-६ अंशांनी सहज चढते. म्हणजे टाकीच्या वरच्या भागात ३२ असणं शक्यच नाही. बहुधा ३८-३९ होतं आणि काटा तुम्हाला बरं वाटेल ते सांगत होता.

डिजिटल घ्या, वायरच्या टोकाला छोटी नळी असते तो. फिशटँकच्या दुकानात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. एक नको, दोन घ्या. नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नका, आधी तपासा : स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा, भिजेल एवढंच पाणी घाला, ढवळा, नळी मधोमध धरून चार-पाच मिनिटं थांबा. शून्य दाखवायला पाहिजे. दीड दाखवत असेल तर डब्यावर मार्करने ‘उणे १.५’ लिहून ठेवा आणि दर वेळी तेवढे वजा करा. एका थर्मामीटरची नळी वर, झाकणापासून चार बोटं खाली, तिची फांदी असते त्या उंचीला टांगा. दुसरी तळाजवळ, करवंटीच्या बाजूला. नळीवर पाणी पडू देऊ नका. ओल्या नळीला वाफेमुळे गारवा लागतो आणि आकडा खोटा कमी येतो. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर कुणाकडे असला तर तो दगडाचं, फांदीचं तापमान सांगेल, हवेचं नाही, आणि काचेतून धरला तर फक्त काचेचं.

मग तीन दिवस वही घाला. सकाळी ७, दुपारी २, संध्याकाळी ५, रात्री ८ आणि ११. बहुतेक लोक दुपारी दोनला बघतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. गच्चीखालच्या घरात खरी तापदायक वेळ ती नसते. उन्हाने तापलेला स्लॅब आपली धग तीन-चार तासांनी खाली सोडायला लागतो. तुमच्या खोलीचा कळस संध्याकाळी ६ ते ९ च्या दरम्यान येईल, म्हणजे नेमका गेको जागी होते तेव्हा. हे एकदा वहीत दिसलं की कुठल्या तासांना मदत लागते ते कळेल, सगळा दिवस झगडावं लागणार नाही.

जागेची निवड फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त काम करते. गच्चीखालच्या खोलीत छताजवळ आणि फरशीजवळ दोन-तीन अंशांचा फरक असतो, म्हणून कपाटावर, माळ्याच्या उंचीला टाकी कधीच नको. पश्चिमेची भिंत नको, दुपारनंतर ती तव्यासारखी असते. फ्रिजच्या वर आणि मागे नको, तिथून गरम हवा येते. स्वयंपाकघर नकोच, फोडणीचा धूर वेगळा आणि गॅसची धग वेगळी. खिडकीतलं ऊन दहा मिनिटं जरी काचेच्या टाकीवर पडलं तरी आत भट्टी होते, कोवळं ऊन असलं तरीही. उदबत्ती, डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन त्या खोलीत लावू नका. घरात आतली, बाहेरच्या भिंतीला न लागलेली बोळकांडी असेल, देवघराची किंवा बाथरूमकडे जाणारी, तर ती उत्तम. खाली तळमजल्यावर कुणी ओळखीचं आहे का? आपल्याकडे हरिपूरला हळद पेवात ठेवायचे ते काय उगाच नाही; जमिनीच्या जवळ आणि जमिनीच्या पोटात तापमान हलत नाही. तळमजल्यावरची उत्तरेची खोली मे महिन्यातसुद्धा तुमच्या खोलीपेक्षा पाच-सहा अंशांनी गार मिळू शकते. दोन महिने गेकोला तिथे माहेरी पाठवता आलं तर निम्मा प्रश्न सुटला. मात्र ते घर गावभागात किंवा नदीच्या बाजूला असेल तर जुलैच्या आत परत आणा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. २०१९ आणि २०२१ सांगलीकरांना सांगायला नको.

तळमजला नाही, तर मग गारवा तयार करावा लागेल. इथे आधी एक गैरसमज. पंखा लावला की आपल्याला गार वाटतं कारण आपला घाम वाळतो. गेकोला घाम नाही. ३५ अंशांच्या खोलीत टाकीवर पंखा सोडला तर तिला ३५ अंशांचाच वारा मिळतो, वर अंगातलं पाणी वाळतं ते वेगळंच. पंखा तेव्हाच उपयोगी, जेव्हा तो ओल्या कापडावरून वारा घेऊन येतो.

ओलं कापड मात्र आपल्या हवेत जोरदार काम करतं. मार्च ते मे सांगलीची दुपार कोरडी असते. ३८ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर वाऱ्यावरच्या ओल्या कापडाचं तापमान २३ च्या आसपास उतरतं. माठाचंही गणित हेच. सुती पंचा घ्या, टेरिकॉटचा टॉवेल पाणी ओढत नाही. तो झाकणाच्या निम्म्या भागावर आणि टाकीच्या मागच्या काचेवर पसरा, त्याचं एक टोक पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवा आणि ते पातेलं झाकणापेक्षा किंचित उंचावर, स्टुलावर ठेवा, म्हणजे वात ओढते तसं पाणी आपोआप ओढलं जाईल आणि दर तासाला कापड भिजवायला धावावं लागणार नाही. टेबल फॅन तीन-चार फुटांवरून, एक नंबरवर, कापडाच्या दिशेने. गेकोच्या अंगावर नाही. झाकणाची उरलेली अर्धी जाळी उघडी राहिली पाहिजे, नाहीतर आत दमट वाफ कोंडते. एवढ्याने टाकीत तीन-चार अंश उतरतात. खोली ३४ असेल तर ३०. म्हणजे पुरेसं नाही, पण जीव वाचवायला उपयोगी.

कितीही मोह झाला तरी दुपारी टाकीत पाणी फवारू नका. बंद काचेत तापलेल्या हवेत ओल भरली की ती हवा आणखी पाणी घेईनाशी होते, मग धापा टाकूनही गेकोची उष्णता बाहेर जात नाही. इडलीपात्रच होतं ते. फवारणी रात्री ९ नंतर भरपूर, आणि पहाटे थोडी. रात्री आर्द्रता ७०-८० टक्क्यांवर जाऊ द्या, दिवसा ५० च्या आसपास उतरू द्या. पानं दोन फवारण्यांच्या मध्ये वाळायला हवीत, सतत ओलं राहिलं की बुरशी धरते.

पुढची पायरी बर्फाची बाटली. एक लिटरची प्लास्टिकची बाटली ९०० मिलीलिटरपर्यंतच भरा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. फ्रीजरमध्ये रात्रभर. ती टाकीच्या आत ठेवायची नाही. गेको तिला चिकटून बसली तर अंगाचा एक भाग गारठतो आणि बाकीचा तापलेला राहतो. बाटली झाकणावर, स्टीलच्या ताटलीत आडवी ठेवा. गार हवा जड असते, ती जाळीतून आपोआप खाली उतरते, ताटलीमुळे थेंब आत पडत नाहीत. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. म्हणजे तुमचा तो ४० चा बल्ब साधारण दोन तासांत जेवढी धग ओततो तेवढी एक बाटली काढून घेते. चार बाटल्या ठेवा, दोन वर आणि दोन फ्रीजरमध्ये, संध्याकाळी ५ ते १० या वेळात अडीच-तीन तासांनी बदला. तळाचा आकडा २१ च्या खाली जायला लागला तर एक बाटली काढा. अर्ध्या तासात दहा अंश उतरवायची घाई करू नका, तासाला दोन-तीन अंश पुरे.

आता आईंच्या प्रश्नाकडे येऊ. पालीला एसी? आम्हालाही आधी कूलरच सुचवावासा वाटतो. खोलीत कूलर असेल तर कोरड्या दिवसांत तो ३८ ची हवा २६-२८ वर आणतो. अट एकच : त्याच्या मागे खिडकी उघडी हवी आणि समोरून हवा बाहेर जायला दुसरी वाट हवी. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात खोली दमट होते आणि तो नुसता पंखा उरतो. आणि विजेचं बोलायचं तर हिशोब आईंना दाखवा. तुमचा ४० चा बल्ब आणि १४ ची मॅट मिळून ५४ वॅट, चोवीस तास : दिवसाला १.३ युनिट. १४० वॅटचा कूलर नऊ तास चालवला तर तोही तेवढीच वीज खातो. म्हणजे आजवर जी वीज गेकोला भाजायला जात होती, तिच्यातच तिला गार ठेवता येतं, आणि खोलीत बसणाऱ्या माणसांनाही वारा लागतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी २६ वर लावून संध्याकाळचे पाच-सहा तास चालवला तर तीन-चार युनिट धरा. घरात एसी असेलच तर टाकी त्या खोलीत हलवा. पण फक्त गेकोसाठी नवा एसी घेऊ नका. वळीव पडून गेले आणि हवा दमट झाली की कूलर कमी पडू लागतो हे खरं, पण मृग लागला की बाहेरचा पाराही उतरतो. ओढाताणीचे दिवस मधले दोन-तीन आठवडेच.

कूलर रात्री उठून बंद-चालू करायचा नसेल तर तापमान नियंत्रक बसवा. एसटीसी-१००० नावाने मिळतो तो स्वस्त आणि पुरेसा आहे. त्यात गरम करायची आणि गार करायची अशी दोन वेगळी जोडणी असते. तुमची फक्त गार करायची वापरायची, दुसरी मोकळी सोडायची. एफ-१ मध्ये २५.५, एफ-२ मध्ये १.० टाका. म्हणजे २६.५ ला कूलर सुरू होईल, २५.५ ला बंद. एफ-३ हा पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा, तीन मिनिटं ठेवा, नाहीतर मोटर सारखी झटके खाते. एफ-४ मध्ये बर्फाच्या पेल्यात निघालेली चूक भरता येते. २३० व्होल्टचाच घ्या, बारा व्होल्टचाही याच नावाने विकतात. तो उघड्या तारांचा असतो, त्यामुळे वायरमनकडून प्लास्टिकच्या बॉक्समध्ये बसवून घ्या, वरच्या बाजूला सॉकेट काढून. स्वतः टेप गुंडाळून जोडू नका. शेजारी पाण्याचं पातेलं आहे. नियंत्रकाची नळी टाकीत फांदीजवळ तारेने घट्ट बांधा. ती निसटून बाहेर पडली तर यंत्र खोलीचं तापमान बघून चालत राहतं आणि आत काय चाललंय ते त्याला कळत नाही. या यंत्राचे निम्मे घोटाळे या एका कारणाने होतात.

उरलेले निम्मे वीज जाण्याने. बटणाचा साधा, फिरकीचा स्विच असलेला कूलर वीज आली की आपोआप सुरू होतो. रिमोटचा, टच पॅनेलचा बऱ्याचदा होत नाही, तो बंदच राहतो आणि नियंत्रक वीज सोडत बसला तरी उपयोग शून्य. आपला कुठला आहे ते आजच पिन काढून-लावून बघा. वीज गेली आणि तास-दीड तास यायची चिन्हं नाहीत, तर मासळीवाल्यांकडे असतो तसा थर्माकोलचा खोका कामाला येतो. झाकणाला पेन्सिलने सहा-आठ भोकं, एका कडेला कापडात गुंडाळलेली गोठलेली बाटली, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, दुसऱ्या कडेला गेको, भोकं पाडलेल्या डब्यात. चार-पाच तास २४-२५ राहतं. प्रवासालाही हेच.

टाकीबद्दलही थोडं. फिशटँक ही माशांची सोय आहे. उभा, जाळीचा पिंजरा तिला जास्त मानवेल, दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट उंच. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे अॅल्युमिनियमच्या सेक्शनचा सांगाडा आणि स्टीलची मच्छरजाळी लावून करून मिळतो. नायलॉनची जाळी नको, खायला टाकलेले नाकतोडे ती कुरतडतात. सगळ्या बाजूंनी जाळी केली तर मात्र आपल्या कोरड्या एप्रिलमध्ये ओल टिकत नाही. पाठ आणि एक बाजू ॲक्रिलिकची करा. उंच पिंजऱ्याचा फायदा असा की वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक राहतो आणि ती आपल्याला हवं ते निवडते. भिंतीवरच्या पालीला जी सोय आहे, ती थोडीफार हिलाही मिळते. दिवा हवाच असेल तर पाच-सात वॅटचा एलईडी, झाकणापासून वीतभर वर, दिवसा. रात्री अंधार.

ती खात नाही याची काळजी आधी गारवा, मग खाणं अशा क्रमाने करा. तापलेली असताना चमच्याने तोंडात घालू नका. पावडरचं खाणं देत असाल तर एक भाग पावडरला दोन भाग पाणी, चटणीइतकं सरसरीत. रात्री ९ ला छोट्या झाकणात अर्धा चमचा ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या काढा. उन्हाळ्यात ते आंबतं, आंबलेलं एकदा चाटलं की ती त्या झाकणाकडे आठवडाभर फिरकत नाही. तापमान २६ च्या खाली आल्यावर तीन-चार रात्री वाट बघा. पहिली खूण खाण्याची नसते, झाकणात जिभेचे बारीक ओरखडे दिसतात, ते बघा. रंगाने घाबरू नका. दिवसा फिकी आणि रात्री गडद होणं हा तिचा स्वभाव आहे, त्यावरून ताप ओळखता येत नाही.

किचनच्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन करा, डब्यासकट ठेवून डब्याचं वजा. भावाला फोन करून आधीचं वजन विचारा, हौशी माणसं लिहून ठेवतात. समजा जानेवारीत ती ३८ ग्रॅम होती, तर ३४ च्या खाली गेल्यावर खाते-न खाते न बघता डॉक्टरकडे. खरेदीची पावती असेल तर तीही मागून घ्या, आणि विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांत हिचं नाव येतं का, ते वनविभागाच्या कार्यालयात एकदा विचारून या.

हीट मॅट टाकून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत सांगलीत पहाटे बाहेर १२-१३ अंश होतात, पण बंद खोलीत १९-२० राहतात आणि तेवढं तिला चालतं. खोली सलग तीन-चार दिवस १८ च्या खाली गेली, तरच मॅट काढायची. तीही तळाखाली नाही, पिंजऱ्याच्या बाजूच्या ॲक्रिलिकवर बाहेरून. त्याच नियंत्रकाच्या गरम करायच्या जोडणीवर, एफ-१ मध्ये २२ घालून. तोवर ती भावाच्या खोक्यात, बल्बशेजारी ठेवून द्या.